चार वाजताची अश्वशक्ती

निवृत्त झाल्यावर माझ्या सासूबाईंनी दोन गोष्टी घेतल्या, वाचायचा नवा चष्मा आणि दोन आसनांची, सुपरचार्जर असलेली स्पोर्ट्स कार. चष्मा त्यांना आवडला नाही.

आई, म्हणजे सासूबाई, भूलतज्ज्ञ होत्या. एकतीस वर्षं त्यांनी माणसांना झोपवलं आणि पुन्हा जागं केलं, आणि त्यातली सत्तावीस वर्षं एकाच सर्जनसाहेबांबरोबर काढली. साहेब हात धुऊन, मोजे चढवून, तळहात वर करून टेबलाशी उभे राहत आणि विचारत, "अजून किती वेळ?" आई म्हणत, "झालं की सांगते." हा संवाद सत्तावीस वर्षं, दिवसातून चार-पाच वेळा झाला. मी एकदा अंदाजे आकडेमोड केली होती. तीस हजारांच्या आसपास येतो.

साहेबही निवृत्त झाले आणि त्यांनीही गाडी घेतली. दोघे एकाच क्लबात. हा क्लब महिन्यातून एका रविवारी ट्रॅक भाड्याने घेतो. तिथे शर्यत नसते. कुणी जिंकत नाही, कुणाची वेळ नोंदवली जात नाही. मोठी माणसं हेल्मेट घालून गोल गोल फिरतात आणि घरी येतात. तरीही नियम भरपूर आहेत, आणि या गोष्टीपुरते तीन लक्षात ठेवावे लागतील.

पहिला असा की ज्या गाडीच्या इंजिनाकडे पाचशे किंवा जास्त अश्वशक्तीचं प्रमाणपत्र आहे ती पहिल्या गटात, बाकीच्या दुसऱ्या गटात. दुसरा असा की पहिल्या गटात ओव्हरटेक कुठूनही, कुणालाही न विचारता करता येतं. दुसऱ्या गटात मात्र पुढच्याने खिडकीतून हात बाहेर काढून बोटाने 'जा' अशी खूण केल्याशिवाय मागच्याने पुढे जायचं नाही. पाचशेच्या वर ताकद असलेल्याला अक्कलही त्याच प्रमाणात असते, असं क्लबचं मत असावं. तिसरा नियम असा की वयाची सत्तर वर्षं पूर्ण झाली की गाडी चालवायची नाही. हेल्मेट घालून शेजारी बसता येतं.

गेल्या वर्षी एका रविवारी आई आणि साहेब दोघेही दुसऱ्या गटात होते. आई सलग वीस मिनिटं त्यांच्या मागे राहिल्या. साहेबांनी हात बाहेर काढला नाही. नंतर विचारल्यावर म्हणाले, मी आरशात बघत नाही, मी पुढे बघतो. त्यानंतर त्यांनी इंजिनाचं काम करून घेतलं, पाचशे अकराचं प्रमाणपत्र मिळवलं आणि ते वरच्या गटात गेले.

क्लबचा यंदाचा शेवटचा रविवार आला तेव्हा आईंना सत्तर पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. मंगळवारी वाढदिवस. त्याच्या महिनाभर आधी जेवताना त्या म्हणाल्या की गाडीचं इंजिन पाचशेच्या वर न्यायचं आहे. माझ्या नवऱ्याने घास तसाच हातात धरून कारण विचारलं.

"मला त्यांच्या पुढे जायचंय. न विचारता. एकदाच."

नवरा म्हणाला की तू त्यांना फोन करून सरळ सांग ना, मनात राग आहे म्हणून. आई म्हणाल्या, राग नाही, पुढे जायचंय. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण प्रमाणपत्रावर सही माझी असते.

मी भौतिकशास्त्र शिकले आणि एका वर्कशॉपमध्ये डायनो चालवते. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले दोन जाड रोलर. गाडीची चाकं त्यांवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पूर्ण वेगात पळवायची. रोलर फिरवायला किती जोर लागला यावरून ताकद कळते. आमच्या भागात हे यंत्र एकच आहे, त्यामुळे क्लब आमचाच कागद मानतो.

काम सायलेन्सरने केलं. हा आमचा मुख्य मेकॅनिक. दिवसाला चाळीसेक शब्द बोलतो, म्हणून हे नाव. सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर चालणारा हवेचा पंप. त्याची पुली लहान केली की तो जास्त फिरतो, इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा आली की जास्त इंधन हवं, म्हणून मोठे इंजेक्टर. कोंबलेली हवा तापते, म्हणून तिला थंड करायला आणखी एक रेडिएटर आणि पाण्याचा मोठा पंप. यात हुशारीपेक्षा संयम जास्त लागतो.

आई रोज येत. स्टूल घेऊन गाडीच्या बॉनेटपाशी, त्यांच्या भाषेत डोक्याशी, बसत. मांडीवर चौकटींचा कागद. दर पाच मिनिटांनी त्यात तेलाचं तापमान, पाण्याचं तापमान आणि "रंग ठीक" असं लिहीत. इंजिन बंद असलं तरी लिहीत. सायलेन्सरला पहिला दिवस अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक गोष्टीआधी सांगायला लागला. मावशी, बेल्ट काढतोय. मावशी, आता पुली ओढतोय, जरा आवाज येईल. आई मान हलवत आणि वेळ टिपत. पाचव्या दिवशी त्याने शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा, मी शपथेवर सांगते, त्याने तो आधी त्यांना दाखवला आणि आत काही राहिलं नाही ना म्हणून दोघांनी ट्रेमधले पाने मोजले.

कामाआधी गाडीची ताकद चारशे एक्केचाळीस होती. आता सकाळी साडेदहाला मी तीन वेळा मोजली. चारशे चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. सहा कमी.

अकराला चहा झाला. साडेअकराला पुन्हा मोजली तर पाचशे सात आली.

वर्कशॉपचे मालक खूश झाले. मला मात्र तो आकडा आवडला नाही. इंजिन तापल्यावर ताकद कमी व्हायला हवी, आणि इथे तेरा घोडे कुठूनसे येऊन उभे होते. मी मालकांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "अहो ताई, चहानंतर नेहमीच चढतो."

मी विचारलं, नेहमी म्हणजे?

त्यांनी अकरा वर्षांची वही काढली. मी त्यातली सहा वर्षं स्वतः लिहिली होती, पण प्रत्येक गाडीचं पान वेगळं, त्यामुळे असं ओळीने कधी वाचलं नव्हतं. सगळे मोठे आकडे अकरानंतरचे किंवा चारनंतरचे होते. गिऱ्हाइकांना हे माझ्याआधी कळलं होतं. चार वाजताची वेळ पुढच्या दोन महिन्यांची भरलेली होती आणि सकाळी नऊला कुणी फिरकत नसे. मालकांकडे याची तीन कारणं तयार होती. दुपारनंतर विजेचा दाब स्थिर होतो. रोलर मोकळे होतात. आणि चहा प्यायल्यावर माणसं मन लावून काम करतात.

मी वायरचा माग काढला.

यंत्राला खोलीतल्या हवेची माहिती द्यावी लागते. हवा गरम आणि दमट असेल तर तिच्यात प्राणवायू कमी असतो आणि इंजिनाला कमी ताकद दाखवता येते. यात इंजिनाचा दोष नाही, म्हणून यंत्र तेवढी भर घालून देतं. हे रास्तच आहे. हवा मोजायला बोटाएवढा सेन्सर असतो. आमचा सेन्सर रोलरपासून निघालेल्या वायरच्या टोकाला, लाकडी आडोशाच्या पलीकडे, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला होता. अकरा वर्षांपूर्वी यंत्र बसवणाऱ्याला तिथे आयता खिळा सापडला होता. खिळ्याखाली फळी होती आणि फळीवर विजेची पाच लिटरची किटली.

म्हणजे दिवसातून दोन वेळा आमच्या यंत्राची खात्री पटत असे की समोरची गाडी गरम वाफेने भरलेल्या न्हाणीघरात धावते आहे, आणि ते कळवळून तिला घोडे वाटत असे.

मी किटली भरून उकळवली आणि मोजमाप केलं. आज पाणी अर्धंच होतं म्हणून तेरा मिळाले. किटली काठोकाठ भरून झाकण उघडं ठेवलं तर आठ-नऊ टक्के मिळत होते. मग वहीत साहेबांचं पान शोधलं. वेळ चार वाजून दहा मिनिटं, ताकद पाचशे अकरा. शेऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं की गिऱ्हाइकाने सर्वांसाठी बिस्किटं आणली, चहा दोनदा झाला.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि काळजीने विचारलं की म्हणजे आता चहा बंद करायचा का. नाही म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. मग ते आवाज खाली आणून म्हणाले की ताई, पाचशे सातवर सही करून टाका, पहिल्या गटातले एकूणएक असेच गेलेत, आणि या तर तुमच्या घरच्या.

मी एक कप चहा संपेपर्यंत यावर विचार केला. सगळ्यांना मिळालेले घोडे आईंनाच का नाकारायचे? उत्तर आईंनीच दिलं. त्या स्टुलावरून उठून आडोशामागे आल्या होत्या आणि खिळ्याकडे बघत होत्या.

"पेशंटच्या बोटाला लावलेली चिमटी निसटून चादरीला लागली तरी मॉनिटर काहीतरी आकडा दाखवतोच," त्या म्हणाल्या. "कधीकधी फार सुंदर दाखवतो. हा काढ इथून."

सायलेन्सरने आठ मीटर नवी वायर ओढली आणि सेन्सर गाडीच्या नाकाशी आणला. आकडा पुन्हा चारशे चौऱ्याण्णव.

दोन दिवस त्या सहा घोड्यांच्या मागे गेले. सायलेन्सरने प्लग बदलले, मी इंधनाचं प्रमाण केसाएवढं इकडे-तिकडे केलं. चारशे पंचाण्णव. चारशे चौऱ्याण्णव. तिसऱ्या दिवशी आईंनी गाडी रोलरवर धावत असताना बॉनेटखाली हात घातला. मालक ओरडणार होते, पण त्यांनी हात बरोबर तिथेच नेला होता जिथे काही फिरत नाही. त्यांनी एअर फिल्टरच्या तोंडाशी तळवा धरला, मिनिटभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हिला श्वास गरम मिळतोय."

बरोबर होतं. रेडिएटर आणि फिल्टर यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. रेडिएटरमधून तापून आलेली हवाच इंजिन आत ओढत होतं. सायलेन्सरने ॲल्युमिनियमचा पत्रा कापून आड लावला, कडेने रबर बसवलं आणि पुढून गार हवेला वाट काढून दिली. मी चार वेळा मोजलं. पाचशे दोन, पाचशे एक, पाचशे दोन, पाचशे दोन. सेन्सर गाडीच्या नाकाशी, किटली बंद.

मी सही केली. मग सवयीप्रमाणे सायलेन्सरला जुनी पुली तात्पुरती चढवायला लावली आणि तीही मोजली, कारण कुठल्या भागाने किती दिलं ते वेगळं कळलं पाहिजे. चारशे बावन्न. तो कागदही फाइलला लावला. सायलेन्सर त्या दिवसाचा शेवटचा शब्द म्हणाला, "कशाला?"

त्या संध्याकाळी मी क्लबच्या सचिवांना एक पानाचं पत्र लिहिलं. जुन्या कागदांवर माझी सही होती, आणि ते चुकीचे आहेत हे मला आता माहीत होतं. पत्रात सेन्सरची जागा, किटलीची क्षमता आणि त्रुटीची टक्केवारी दिली. पत्र लिहिताना मला फार शांत वाटलं. पुढचा विचार केला नाही. आकडा दुरुस्त करताना तो आकडा कुणाचा आहे हे मी सहसा बघत नाही, आणि माझ्या हातून ज्या चुका होतात त्या बहुतेक इथेच होतात.

सचिव शाळेत भूगोल शिकवत असत. सीमा स्पष्ट असाव्यात असं त्यांचं मत आहे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळी जुनी प्रमाणपत्रं रद्द केली आणि पहिल्या गटातल्या एकोणीस गाड्या फेरतपासणीला पाठवल्या. आठवडाभर वर्कशॉपबाहेर रांग होती. लोक सवयीने चार वाजता येत आणि हातात बिस्किटं असत. मी बिस्किटं घेत होते आणि आकडे देत होते. चारशे एकाहत्तर. चारशे अठ्ठावन्न. एका दातांच्या डॉक्टरांची गाडी चारशे शहाण्णववर थांबली. त्यांनी किटलीकडे असं पाहिलं की मालकांनी ती उचलून आत नेली.

साहेबांची चारशे अडुसष्ट आली. तिसऱ्या वेळी मोजताना तर चारशे चाळीसपर्यंत उतरली, कारण त्यांच्या इंजिनालाही गरम हवाच मिळत होती. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. कागद लांब धरून ते म्हणाले की यंत्र बिघडलंय तुमचं. मी म्हटलं, बिघडलं होतं. त्यावर त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मॅडमच्या सूनबाई ना तुम्ही?"

मी हो म्हटलं. ते टेबलावरचा बिस्किटांचा पुडा उचलून परत घेऊन गेले.

शनिवारी संध्याकाळी क्लबची यादी आली. ती नवऱ्याने वाचून दाखवली. दुसरा गट, त्रेचाळीस गाड्या. पहिला गट, एक.

आई हातमोजे धुऊन वाळत घालत होत्या. त्यांनी यादी मागून घेतली, चष्मा लावला, काढला. मी म्हटलं, आई, हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्या म्हणाल्या, "तुझं गणित बरोबर आहे गं. माझा माणूस तेवढा तू खाली पाठवलास."

रविवारी सकाळी नऊला पहिल्या गटाची वेळ होती. त्याआधी सुरक्षेच्या सूचना होतात, त्या चुकवता येत नाहीत. पन्नास खुर्च्यांच्या खोलीत आई पहिल्या रांगेत एकट्या बसल्या होत्या आणि सचिव फळ्यापुढे उभे राहून वाचत होते. आरशांकडे लक्ष ठेवावं. गटात गर्दी झाल्यास अंतर राखावं. ओव्हरटेक दोन्ही बाजूंनी करता येईल. आईंनी हात वर करून विचारलं, कुणाला? सचिव म्हणाले की प्रश्न शेवटी.

मग ट्रॅकच्या प्रत्येक वळणावर एकेक मार्शल झेंडा घेऊन उभा राहिला, रुग्णवाहिका इंजिन चालू करून तयार झाली, आणि आईंना हिरवा झेंडा दाखवला गेला. दुसऱ्या गटातले त्रेचाळीस जण कठड्याशी येऊन बघत होते. त्यांत साहेबही होते, हेल्मेट काखेत धरून. आईंनी पहिली फेरी व्यवस्थित मारली. दुसऱ्या फेरीला सरळ पट्ट्यावर गाडी काय सुंदर ओरडत गेली. पाचशे दोन खरे घोडे कसे वाजतात ते त्या दिवशी क्लबने पहिल्यांदा ऐकलं. तिसऱ्या फेरीला त्या आत आल्या आणि गाडी बंद केली.

राहिलेली बारा मिनिटं ट्रॅक रिकामा होता. नियमाप्रमाणे वेळ पहिल्या गटाची असल्याने दुसऱ्या कुणाला सोडता येईना. मार्शल झेंडे धरून उभे राहिले. एकाने, बहुधा कंटाळून, कुणीही नसताना 'मागून गाडी येत आहे'चा निळा झेंडा हलवला. सचिवांनी त्याला शिट्टी वाजवून थांबवलं.

आई सचिवांकडे गेल्या आणि म्हणाल्या की मला दुसऱ्या गटात घ्या. सचिव म्हणाले ते शक्य नाही, पाचशे दोनची गाडी खाली सोडणं इतरांसाठी धोक्याचं आहे. आईंनी विचारलं की घोडे कमी केले तर? सचिवांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. ताकद वाढवल्यावर नवा कागद लागतो असं लिहिलं होतं, कमी केल्यावर काय ते लिहिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, कागद लागेल.

मी फाइल उघडून चारशे बावन्नचा कागद दिला. तारीख, वेळ, सही, सेन्सरची जागा. त्यांनी तो दोनदा वाचला.

हत्यारं आणि काढलेले भाग घेऊन सायलेन्सर आमच्याबरोबर आला होताच; आई त्याला म्हणाल्या की जुनी पुली लाव. महिनाभराच्या कामातला सगळ्यात मोठा भाग त्याने पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, गुडघ्यावर बसून काढायला घेतला. मी लॅपटॉपवरून इंधनाचा जुना तक्ता परत चढवला. आई स्टूल घेऊन डोक्याशी बसल्या. तेवढ्यात साहेब आले. ते थोडे लांब उभे राहिले, मग जवळ आले. सायलेन्सरचे हात चाललेले बघून त्यांच्या तोंडून निघालंच, "अजून किती वेळ?"

आईंनी कागदावरून मान वर केली नाही. "झालं की सांगते."

साहेबांनी हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं. मग म्हणाले की पण मॅडम, खाली तर हात दाखवल्याशिवाय जाता येत नाही.

"माहीत आहे," आई म्हणाल्या.

तीन वाजता दुसऱ्या गटाची शेवटची वीस मिनिटं सुरू झाली. मी कठड्याशी स्टॉपवॉच घेऊन उभी होते. आमच्यासमोर ट्रॅकचा सरळ पट्टा आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीला गाड्या एकदाच दिसतात. पहिल्या दोन फेऱ्यांत आईंना साहेबांपर्यंत पोचायला पाच गाड्या ओलांडाव्या लागल्या. पाचही जणांनी लगेच हात दाखवले. काहींनी तर खांद्यापर्यंत बाहेर काढले. सकाळचं दृश्य सगळ्यांनी पाहिलं होतं.

तिसऱ्या फेरीला त्या साहेबांच्या मागे होत्या. खिडकीतून हात आला नाही. चौथ्या फेरीला नाही, पाचव्या फेरीलाही नाही. आई अगदी जवळ नव्हत्या, डिवचत नव्हत्या. सहा-सात गाड्यांचं अंतर ठेवून होत्या, आणि ते कमी-जास्त होत नव्हतं. नवरा माझ्या शेजारी उभा राहून श्वास रोखत आणि सोडत होता. तो म्हणाला, गेल्या वर्षीसारखंच होणार. मी म्हटलं, गेल्या वर्षी पत्रा नव्हता.

सहाव्या फेरीला साहेबांच्या इंजिनाचा आवाज बदलला. सुपरचार्जरची शिट्टी तीच, पण खालचा सूर मऊ झाला होता. आत जाणारी हवा फार तापली की इंजिन स्वतःला वाचवायला ठिणगी उशिरा टाकतं आणि ताकद आपसूक उतरते. आईंच्या गाडीचा आवाज पहिल्या फेरीसारखाच होता. सातव्या फेरीला साहेब सरळ पट्ट्यावर चांगलेच रेंगाळले. मागे आणखी तीन गाड्या साचल्या. पहिल्या वळणावरच्या मार्शलने निळा झेंडा हलवला, या वेळी खऱ्या गाड्यांसाठी.

साहेबांचा हात बाहेर आला. आधी तळहात वर करून आला, ऑपरेशनच्या टेबलाशी हातावर काहीतरी ठेवायला मागावं तसा. क्षणभर तसाच राहिला. मग वळला आणि बोट पुढे झालं. जा.

आई गेल्या नाहीत.

मी स्टॉपवॉच दाबलं. दोन्ही गाड्या तेवढंच अंतर ठेवून वळणाआड गेल्या. नवऱ्याने विचारलं की तिला दिसलं नाही का? मी म्हटलं, दिसलं असणार. सचिव माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे होते, त्यांनी पुस्तक काढलं. हात दाखवल्यावर किती वेळात पुढे जावं याचा नियम त्यांना सापडत नव्हता. हात किती वेळ बाहेर ठेवावा याचाही सापडत नव्हता. एवढंच लिहिलं होतं की एकदा दाखवलेला हात मागची गाडी पुढे जाईपर्यंत आत घेऊ नये.

गाड्या पुन्हा सरळ पट्ट्यावर आल्या. आठवी फेरी. साहेबांचा हात बाहेरच होता. वाऱ्याने बाही फडफडत होती आणि बोट थोडं खाली झुकलं होतं, पण होतं. एका हाताने सगळी वळणं घेऊन आले असणार. सत्तावीस वर्षं सराव असलेला हात. आई अर्धा पट्टा तशाच मागे राहिल्या. आमच्या समोर आल्यावर त्यांनी गाडी बाजूला काढली, अजिबात घाई न करता, आणि पुढे गेल्या. मी स्टॉपवॉच थांबवलं. दोन मिनिटं एकोणीस सेकंद. या आकड्याला कुठलीही दुरुस्ती लावलेली नाही.

नंतर पिटमध्ये साहेब गाडीतून उतरले तेव्हा खांदा चोळत होते. आई आधीच उतरून स्टुलावर बसल्या होत्या आणि कागदाची शेवटची चौकट भरत होत्या. तेल, पाणी, रंग ठीक.

"मॅडम, एक अख्खी फेरी हात बाहेर होता माझा."

"हो, दिसत होता."

"मग?"

आईंनी पेनाला टोपण लावलं आणि कागदाची घडी घातली.

"झालं की सांगणार होते," त्या म्हणाल्या.

साहेबांनी थोडा वेळ मान हलवली, कामावर असताना हलवत असतील तशी. मग स्टुलाशेजारी उलट्या ठेवलेल्या बादलीवर टेकले आणि सायलेन्सरला म्हणाले की तो पत्रा कसा लावलाय ते जरा दाखव.